संडासची टाकी : कायदा आणि काळजी

गावाकडे शेताच्या कडेला किंवा शहराबाहेरच्या प्लॉटवर आपले अनेक बांधव स्वतःचे घर बांधत आहेत. तेथे गटारलाइन नसते, आणि संडासची टाकी गवंड्याच्या अंदाजावर सोडली जाते. हा विषय अंदाजाचा नाही, असे आम्हांस वाटते.

टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि हवेशिवाय जगणारे जंतू गाळ कुजवितात. मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. ते निवळ दिसले तरी त्यात रोगजंतू असतात. म्हणून नाल्यात वा उघड्यावर सोडू नये.

भारतीय मानक आयएस २४७० नुसार पाच माणसांच्या घरास १.५ मीटर लांब व ०.७५ मीटर रुंद टाकी लागते. पाण्याची खोली किमान १ मीटर असावी. शोषखड्डा विहीर वा बोअरपासून किमान १८ मीटर (सुमारे ६० फूट) दूर हवा. काळ्या चिकण जमिनीत पाणी सहज मुरत नाही, तेव्हा आधी जमीन तपासावी. नकाशात टाकी दाखवूनच बांधकाम परवानगी घ्यावी. उपसा गाडीचा पाइप पोहोचेल अशा जागी टाकी बांधावी आणि दोन-तीन वर्षांनी गाळ यंत्राने काढून घ्यावा.

टाकीतील विषारी वायू क्षणात माणसाला बेशुद्ध करतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, लागू झाला. सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही टाकीत उतरविणे हा गुन्हा आहे, मग उतरविणारा घरमालक का असेना. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा मृत्यूंत कुटुंबास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. पण पैशाने घरचा माणूस परत येत नाही.

भूजल खोल असेल, तर लहान घरास दोन शोषखड्ड्यांचा संडास उत्तम. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवावा. पहिला दोन वर्षे बंद ठेवला की त्यातील मैल्याचे कोरडे खत होते. मैल्यात उतरण्याची पाळीच कोणावर येत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या हे काम जातीने माणसांच्या माथी मारले गेले. बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली. आपल्या घराच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या जिवाची व प्रतिष्ठेची किंमत मोजली जाऊ नये, हाही तिचाच अर्थ आहे. पाया खणण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने टाकीचा विचार करावा, आणि विद्यार्थ्यांनी ही माहिती आपल्या वस्तीत पोहोचवावी, ही विनंती.