शिडीला रुंद पाय हवा

ज्या वस्तूचें काम वर्षांतून चारदोन वेळांच पडतें, तिची विचारपूस घरांत सहसा कोणी करीत नाहीं. शिडी ही अशांपैकींच एक. पाडव्याला गुढी बांधावयाची, पावसाळ्याच्या तोंडावर पन्हळींतला पालापाचोळा काढावयाचा, दिवाळीला आकाशकंदील टांगावयाचा, कीं जिन्याखालून तिला ओढून काढावें आणि काम होतांच पुन्हां तेथेंच ढकलून द्यावें, हा आपला परिपाठ. ती मजबूत आहे कीं नाहीं, याचा विचार आपण वर चढल्यावर करतों. आणि तेव्हां तो करून फारसा उपयोग नसतो.

चार वर्षांपूर्वींची ज्येष्ठ महिन्यांतली गोष्ट. कोल्हापूरचा पाऊस दाराशीं आला होता. आमचे धाकटे बंधु कौलांच्या कडेची पन्हळ साफ करण्यासाठीं बारा फुटी ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढले होते. खालीं आमचा बारा वर्षांचा नातू शिडी धरून उभा. आणि ओट्यावर बसून त्याला "नीट धर रे," असें बजावणारा मी. पन्हळीच्या टोंकापर्यंत बंधूंचा हात पोंचेना. उतरून शिडी हातभर सरकवावी, तर तेवढ्यासाठीं कंटाळा आला. म्हणून ते किंचित् बाजूला वांकले. तत्क्षणीं शिडीचा एक पाय जमिनीवरून उचलला गेला आणि ती कलंडली. बंधूंनीं वाशाला मिठी मारली म्हणून ते बचावले. शिडी मात्र नातवाच्या अंगावर आली आणि त्याच्या खांद्याचें हाड मोडलें. हात गळ्यांत अडकवून तो दवाखान्यांतून परत आला, तेव्हां त्याचें पहिलें वाक्य होतें, "आजोबा, मी घट्ट धरली होती. खरंच."

तो खरेंच बोलत होता. चूक त्याच्या मुठीची नव्हती. त्या मुठीवर ज्यानें भरंवसा ठेवला, त्याची होती. आणि तो मी होतों.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें पडून प्राणांस मुकतात. त्यांतलीं सारींच कांहीं शिडीवरून पडत नाहींत, हें खरें. परंतु 'एवढ्याशा उंचीवरून काय होणार?' ही वृत्ति किती महाग पडते, हें त्या आंकड्यावरून कळावें.

आमच्या लहानपणीं शिडी लांकडाची किंवा बांबूची असे. ती उचलावयास दोन माणसें लागत. ॲल्युमिनियमची शिडी एकटी बाईसुद्धां सहज उचलते, कारण या धातूचें वजन तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या सुमारें एकतृतीयांश असतें. या धातूचें मूळ द्रव्य जें बॉक्साइट, तें आमच्याच जिल्ह्यांत राधानगरी तालुक्यांतील दुर्गमानवाडीच्या पठारावर सांपडतें. म्हणजे ही वस्तु आम्हां कोल्हापूरकरांना परकी नव्हे. पण जो हलकेपणा हा तिचा गुण, तोच तिचा दोषही आहे. जड शिडी स्वतःच्या भारानें कांहीं अंशीं जागा धरून बसते. हलकी शिडी चढणाराच्या भाराबरोबर जाते.

शिडी मुख्यतः दोन प्रकारांनीं पडते. पहिला प्रकार असा कीं, पाय मागें घसरतो. याचा उपाय भूमितींत आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'ंत (इ. स. ११५०) वाऱ्यानें मोडलेल्या बत्तीस हात वेळूचें उदाहरण ज्यांनीं सोडविलें असेल, त्यांना भुज, कोटि आणि कर्ण हे शब्द आठवतील. भिंत ही कोटि, जमिनीवरचें अंतर हा भुज आणि शिडी हा कर्ण. कोटीच्या चौथ्या हिश्शाइतका भुज ठेवावा, म्हणजे जमिनीशीं सुमारें ७५ अंशांचा कोन होतो. बारा फुटी शिडीचा पाय भिंतीपासून साधारण तीन फुटांवर असावा, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.

दुसरा प्रकार बाजूला कलंडण्याचा. चढणाराच्या भाराची रेषा शिडीच्या दोन पायांच्या मध्यें पडते, तोंवर ती उभी राहते. ती रेषा पायाबाहेर गेली कीं शिडी फिरते. साधारण घरगुती शिडीच्या दोन पायांत अंतर असतें सव्वा ते दीड फूट. सत्तर किलोचा मनुष्य वर बारा फुटांवर बाजूला झुकला असतां खालीं मुलाच्या मनगटांनीं तो भार आवरावा, ही अपेक्षाच मुळीं अन्यायाची आहे. खरा उपाय म्हणजे पायाच रुंद करणें. त्यासाठीं शिडीच्या तळाशीं एक आडवा दांडा बसवितात. दुकानदार त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. युरोपांत तर एन्-१३१ या मानकानुसार २०१८ सालापासून तीन मीटरांहून लांब अशा टेकवावयाच्या नव्या शिडीस अशी वाढीव रुंदी आवश्यकच केली आहे.

हा दांडा घरीं बसविण्याच्या कामांत मीं प्रथम एक चूक केली, ती सांगतों. विकत कशाला घ्यावयाचा, असें म्हणून मीं एका कारागिराकडून लोखंडी दांडा करवून घेतला आणि शिडीच्या उभ्या दांड्यांना हवीं तेथें भोंकें पाडावयास लावलीं. काम त्याचें चोख होतें. अक्कल माझी अपुरी होती. दोन पावसाळ्यांनंतर पाहतों, तों लोखंड आणि ॲल्युमिनियम जेथें एकमेकांस भिडले होते, तेथें पांढरी भुकटी धरली होती आणि एका भोंकापाशीं बारीक चीर गेली होती. ओलाव्यांत हे दोन धातु एकत्र आले, म्हणजे ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लें जातें. शिवाय नवें भोंक म्हणजे दांड्याचा दुबळेपणाच. ती शिडी मीं मोडींत काढली.

नव्या शिडीस तिच्याच मापाचा ॲल्युमिनियमचा दांडा आणला. त्याची रीत अशी. शिडी दोन पाटांवर आडवी ठेवावी. तिच्या तळाशीं पूर्वींच पाडलेलीं भोंकें असतील, तर तींच वापरावीं. नसतील, तर उभ्या दांड्यास कवटाळून बसणारा पकडीचा प्रकार घ्यावा. भोंक स्वतः पाडूं नये. आडवा दांडा लावून दोन्हीं बाजूंस तो सारखाच बाहेर येतो ना, हें मोजपट्टीनें पाहावें. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत आणि धातूंच्या मध्यें नायलॉनचा वॉशर घालावा. नट नायलॉकचे घ्यावेत. ते हादऱ्यानें सैल होत नाहींत. प्रथम सारे नट हातानेंच फिरवून बसवावेत, मग पाना घेऊन आळीपाळीनें आवळावेत. फार जोर करूं नये, कारण नळी पोकळ असते आणि चेपते. शेवटीं दांड्याच्या दोन्हीं टोंकांस रबरी बूट आहेत ना, तें पाहावें. सपाट फरशीवर शिडी उभी करून पहिल्या पायरीवर उभें राहावें आणि ती डुलते का, हें पारखावें. दर ज्येष्ठांत नट पुन्हां तपासावेत.

हा दांडा बसविला म्हणून सर्व संकटें टळलीं, असें मात्र कोणीं मानूं नये. जमीन उंचसखल असेल, तर रुंद पायही डगमगतो. घसरणारी फरशी किंवा शेवाळ यांवर त्याचें कांहीं चालत नाहीं. विजेच्या तारेजवळ तर ॲल्युमिनियमची शिडी नेऊंच नये. हा धातु विजेचा उत्तम वाहक आहे. आणि वर गेल्यावर आपली नाभि शिडीच्या दोन दांड्यांच्या मध्येंच ठेवावी. ती बाहेर जाऊं लागली, कीं उतरून शिडी सरकवावी. ज्या कंटाळ्यानें आमच्या घरचें हाड मोडलें, तो कंटाळा घटकाभराचा देखील नव्हता.

आतां आमच्या घरीं असा नियम आहे कीं, शिडी उभी असतां तिच्या खालीं मूल उभें राहावयाचें नाहीं. गेल्या ज्येष्ठांत नातवानें आपण होऊन पाना मागितला. तो आतां सोळा वर्षांचा आहे. एकेक नट त्यानें तपासला, मोजपट्टी धरून दांडा दोन्हीं बाजूंस पाहिला, आणि मगच आपल्या काकाआजोबांना म्हणाला, "आतां चढा." मी ओट्यावर बसून होतों, पण या खेपेस "नीट धर" असें कोणाला सांगावें लागलें नाहीं.