जुना संगणक मोडीत काढावा की लिनक्सवर चालवावा?

मुलांच्या अभ्यासासाठी, बचत गटाच्या हिशेबासाठी किंवा सातबारा पाहण्यासाठी आता पुष्कळ शेतकरी कुटुंबांत संगणक आला आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला हा संगणक अजून धडधाकट असतो. परंतु त्यातील विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. मग दुकानदार सांगतो, "हा आता मोडीत काढा, नवा घ्या." शेतकरी बंधू-भगिनींनो, तीस-चाळीस हजारांचा हा सल्ला मानण्यापूर्वी थोडा विचार करा.

संगणकाचे यंत्र वेगळे आणि त्याच्याकडून काम करून घेणारी प्रणाली वेगळी. स्टार्टर जुना झाला म्हणून चांगली मोटार विहिरीतून काढून कोणी भंगारात घालत नाही. तसेच हे आहे.

देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडतो असे नाही. मात्र प्रणालीत नव्याने सापडणारी भगदाडे कोणी बुजवत नाही आणि इंटरनेटवरच्या चोरांना वाट मोकळी होते. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. घरगुती वापर करणाऱ्यांनी नोंदणी केल्यास कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत दिली होती. पण तो तात्पुरता इलाज होता. पुढची विंडोज ११ ही प्रणाली विंडोज १० असलेल्या संगणकाला फुकट मिळते. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८ पासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा संगणक त्यात बसत असेल तर प्रश्नच मिटला. तीच प्रणाली घ्या. बसत नसेल तर पुढचे वाचा.

लिनक्स म्हणजे काय?

१९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. जगभरच्या जाणकारांनी तो वाढवला. तुमच्या खिशातील अँड्रॉइड मोबाईलचा गाभाही लिनक्सच आहे, म्हणजे ही वस्तू तुम्हाला अगदीच परकी नाही. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. केरळमधील सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे अशाच मुक्त प्रणालीवर संगणक शिकत आहेत.

घरच्या वापरासाठी उबंटू आणि लिनक्स मिंट या दोन प्रणाली सोप्या. मिंटची मांडणी विंडोजशी मिळतीजुळती आहे. मिंटचा 'एक्सएफसीई' हा हलका प्रकार चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकावरही बरा चालतो. यांना पैसे पडत नाहीत. पत्रे आणि हिशेब लिहिण्यासाठी लिब्रे ऑफिस, इंटरनेटसाठी फायरफॉक्स सोबतच मिळते. मराठी टायपिंगचीही सोय आहे.

कोणी घाई करू नये?

टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसरीकडे वाचता येईलच असे नाही. बोटाचा ठसा घेणारे यंत्र, डिजिटल सहीची किल्ली, काही जुने प्रिंटर हेही अडून बसतात. ज्या घरात यांवर पोट चालते, त्यांनी आपली कामाची विंडोज सोडू नये.

हा धोका मोठ्यांनाही चुकलेला नाही. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचे ठरवले. पुढील दहा वर्षांत नगरपालिकेचे चौदा हजारांहून अधिक संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव झाला. त्यामागे राजकारण होते, तशाच बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवघेव करतानाच्या अडचणीही होत्या. प्रणाली फुकट असली तरी बदल फुकट होत नाही, हे त्यावरून ध्यानी घ्यावे.

आधी एका गुंठ्यात पेरा

नवे वाण आपण एकदम साऱ्या रानात लावत नाही. इथेही तोच शहाणपणा चालतो, कारण लिनक्स संगणकात न बसवता पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते.

१. घरातल्या सर्वांना विचारून संगणकावर कोणकोणती कामे होतात त्याची यादी करा. मुलीच्या कॉलेजचे काम आणि घरधनिणीचे बचत गटाचे खातेही त्यात आले पाहिजे.

२. फोटो, हिशेब, कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. त्यातली दोन-चार उघडून खात्री करा.

३. घरातल्या जाणत्या मुलाकडून किंवा मुलीकडून आठ जीबीच्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट चढवून घ्या. ते तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे. पेन ड्राइव्हवर आधीचे काही असेल तर ते पुसले जाते.

४. त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा आणि यादीतले एकेक काम करून पाहा. वायफाय लागते का? प्रिंटर छापतो का? मराठी लिहिता येते का? पेन ड्राइव्हवर ते थोडे हळू चालते, त्याने नाराज होऊ नका.

५. सगळी कामे झाली तरच लिनक्स संगणकात बसवा. 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडल्यास आतले सारे जाते. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवण्याचाही पर्याय असतो; सुरुवातीला तोच बरा. मात्र जुन्या विंडोजवर नंतर बँकेचे काम करू नका.

यादीत केवळ सातबारा पाहणे, अर्ज भरणे, बाजारभाव, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास असेल, तर बहुतेक घरांचे काम लिनक्सवर भागेल. एखादे काम अडलेच तर तेवढ्यापुरते गावातल्या सेवा केंद्रात जाता येते. परंतु रोजचेच काम अडत असेल, तर नव्या संगणकासाठी पैसे बाजूला काढणे रास्त. या आठवड्यात एवढेच करा: वही घ्या आणि यादी लिहायला बसा.