कानांनीं वाचावयाचें पत्र

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. बाराव्या वर्षीं घर सोडून गेलेला नारायण चोवीस वर्षांनीं दारांत येऊन उभा राहिला, तेव्हां मातोश्री राणूबाईंची दृष्टि गेलेली होती. तथापि त्यांनीं मुलाला आवाजावरून ओळखलें, अशी कथा समर्थांचे चरित्रकार सांगत आले आहेत. कथेंतील चमत्काराचा भाग ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावा. आम्हांस तिच्यांतील एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते, कीं वय, वेष आणि चेहरा हें सर्व पालटून गेल्यावरहि आईच्या कानांत जें टिकून राहिलें, तें मुलाच्या कंठाचें वळण होतें.

आज जालना, अंबड, परतूर, भोकरदन या बाजूच्या कितीतरी घरांतील मुलें पुण्या-बंगळुरास, आणि कांहीं समुद्रापारहि, नोकरीनिमित्त राहतात. इकडे आजींना मोतीबिंदूमुळें वाचवत नाहीं. तिकडे वाढलेल्या नातवाला देवनागरी वाचतां येत नाहीं. बोललेलें मात्र दोघांनाहि समजतें. अशा घरीं लिहिलेलें पत्र दोन्ही टोकांस मुकेंच ठरतें. टेलिफोन आहे हें खरें. परंतु पूजा-नैवेद्य आटोपून आजी दुपारीं १२ वाजतां मोकळ्या होतात, त्या वेळीं न्यूयॉर्कास मध्यरात्र उलटून गेलेली असते. म्हणून आवाज भरून तो ई-मेलनें पाठवावा आणि ऐकणारानें सवडीनें ऐकावा, हा मार्ग आम्हांस अधिक सोयीचा दिसतो.

ही कल्पना वाटते तितकी नवी नव्हे. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याचे उपयोग सांगतांना पहिला मान दिला तो पत्रलेखनास, गाण्यास नव्हे! घरांतील माणसांचे बोल व आठवणी त्यांच्याच आवाजांत जपणें, हाहि उपयोग त्याच्या यादींत होता. पुढें १९६३ मध्यें फिलिप्सची कॅसेट आली, आणि परदेशीं गेलेल्या आपल्या मंडळींनीं कॅसेटी भरून टपालानें धाडण्यास आरंभ केला. एक बाजू मुलाची, दुसरी सुनेची, असें तें पत्र असे.

ई-मेलमधून मात्र आरंभीं निव्वळ अक्षरेंच जात, आणि तींहि इंग्रजी. नॅथॅनियल बोरेन्स्टीन व नेड फ्रीड यांनीं ‘माइम’ नांवाची पद्धति बसविली, तेव्हां चित्र व आवाज यांना पत्रांत जागा मिळाली. ११ मार्च १९९२ रोजीं बोरेन्स्टीन यांनीं पाठविलेल्या पत्रासोबत चौघां गायकांच्या त्यांच्या मेळ्याचें छायाचित्र होतें आणि त्या मेळ्याचें गाणेंहि होतें. जोडपत्राचा जन्मच असा गाण्यानें झाला, हें आम्हांस मोठें शुभलक्षण वाटतें.

आवाज पत्रांत शिरतो तरी कसा, हें समजून घेण्याजोगें आहे. ध्वनि म्हणजे हवेचा कंप. टेलिफोनच्या पद्धतींत त्याचें माप सेकंदास ८,००० वेळां घेतात व प्रत्येक माप एका बाइटमध्यें मांडतात. म्हणजे एका मिनिटाच्या बोलण्यास ४,८०,००० बाइट लागतात. संगीताच्या सीडीसाठीं हेंच माप ४४,१०० वेळां, प्रत्येकीं दोन बाइटचें आणि दोन्ही कानांसाठीं निराळें घ्यावें लागतें, तेव्हां मिनिटाला एक कोटीहून अधिक बाइट होतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें. त्यानंतरच्या वर्षांत टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ४,००० बाइट वर चढले तरी पुष्कळ. त्या हिशेबानें सीडीच्या प्रतीचा एक मिनिट आवाज धाडण्यास चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागे. आजचे मोबाइल कानाला न कळणारा भाग गाळून आवाज दाबून बसवितात, म्हणून पांच-दहा मिनिटांचें बोलणेंहि सहज जातें. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे. परंतु जोडपत्र करतांना दर तीन बाइटांची चार अक्षरें होतात व आकार एक-तृतीयांशानें वाढतो, तेव्हां तें माप काठोकाठ भरूं नये.

कृति सोपी आहे. मोबाइलमधील रेकॉर्डर उघडून बोलावें, फाइल ‘शेअर’ करून ई-मेल निवडावा, आणि विषयाच्या ओळींत बोलणाराचें नांव व तिथि लिहावी. कांहीं जुन्या मोबाइलांतील ‘एएमआर’ जातीची फाइल संगणकावर नेहमींच्या साधनानें वाजत नाहीं. तेथें व्हीएलसी हा मोफत प्लेअर उपयोगीं पडतो. पंखा बंद करावा. कुकरच्या शिट्ट्या होऊं द्याव्या, त्यांनीं नातवास घर आठवेल. बोलणारानें आरंभीं आपलें नांव सांगावें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान गायल्या, तेव्हां त्यांनीं गाण्याच्या शेवटीं आपलें नांव उच्चारून ठेविलें, कारण तबकडी तयार होणार होती परदेशांत आणि तेथील कारागिरांस गाणारी ओळखावयाची होती. आपल्या पणतवांची स्थिति त्या कारागिरांहून फारशी निराळी असणार नाहीं.

व्हॉट्सअॅपवरहि २०१३ पासून आवाज पाठवितां येतो, आणि घरोघर तोच प्रघात आहे. परंतु तो संग्रह मोबाइलांत राहतो. मोबाइल हरवला व प्रत काढलेली नसली कीं आजींचा आवाज त्याच्यासवें गेला. ई-मेल तारीख-वारासह शोधतां येतो. जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या हेमा रायरकर व गी प्वातवँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून जमविल्या, आणि त्यांतील कित्येक प्रत्यक्ष गातांना ध्वनिमुद्रित केल्या. कागदावरील ओवींत चाल उतरत नाहीं, हें त्यांनीं जाणलें होतें. आपल्या घरची मंगळागौरीची गाणीं व मेतकुटाचें प्रमाण यांसहि तोच न्याय लागू आहे. आजी असतांना हें करून घ्यावें.

आतां एक नाजुक बाब. पूर्वीं पत्र आलें कीं घरांतील वडील मंडळी तें मोठ्यानें वाचीत, आणि वाचतां वाचतां एखादी ओळ गुपचूप गाळीत. मुलानें पैशाची अडचण लिहिली असे, किंवा सासरच्या एखाद्या दुखण्याविषयीं मुलीनें आईस सांगितलें असे. तें माजघरांतील सर्वांच्या कानीं जात नसे. बोललेल्या पत्रांत अशी ओळ गाळतां येत नाहीं. दिवाणखान्यांत मोबाइल लावून ठेवावा आणि सुनेनें आपल्या आईस सांगितलेलें सर्वांनीं ऐकावें, हें आम्हांस अत्यंत अनुचित वाटतें. ज्याच्या नांवें पत्र त्यानेंच तें प्रथम एकट्यानें ऐकावें. मग वाटल्यास सर्वांना ऐकवावें. सर्वांसाठींचें बोलणें आणि एकट्यासाठींचें बोलणें अशा दोन फाइली कराव्या, म्हणजे मुलींची कुचंबणा होणार नाहीं.

राणूबाईंना आवाज फसवूं शकला नाहीं. आज तो फसवूं शकतो. थोडक्या नमुन्यावरून कोणाच्याहि आवाजाची नक्कल करणारीं साधनें निघालीं आहेत, आणि नातवाच्या आवाजांत पैसे मागणारा संदेश आजींना येऊं शकतो. तेव्हां पैशाची गोष्ट निघाली कीं नेहमींच्या क्रमांकावर उलट फोन करावा, आणि घरच्या माणसांत एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. तो समक्ष भेटींत ठरवावा. ई-मेलमध्यें लिहूं नये.