काचेच्या चौकटीतलं गाव

पाथर्डीत आमच्या नात्यातल्या एका घरी देवघराशेजारी काचेची चौकट टांगलेली आहे. आत काळपट, जाळीदार फांद्यांचं झुडूप चपटं करून बसवलेलं. काकू सांगतात, "हे इंद्रजाल. समुद्रातली वनस्पती. घराला दृष्ट लागू देत नाही." त्यांनी ते श्रद्धेने, बऱ्यापैकी पैसे मोजून घेतलेलं. मी भिंगातून निरखून पाहिलं. पानाचा देठ नाही, फुटव्याचा डोळा नाही. ते झाड नव्हतंच. तो समुद्रपंखा होता, मृदू प्रवाळांच्या गोतातला. हजारो प्राण्यांनी मिळून बांधलेल्या वस्तीचा तो सांगाडा होता.

काकूंच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांमध्ये एक लाल पोवळं आहे. अस्सल पोवळं असेल तर तेही याच गोतातलं. भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाची फांदी कापून, घासून असे मणी करतात. म्हणजे समुद्रापासून इतक्या लांब, दुष्काळी तालुक्यातल्या एका घरात हे कूळ दोन ठिकाणी येऊन बसलं आहे.

त्याला झाड समजण्यात काकूंची काही चूक नाही. १७०६ साली मार्सिली या इटालियन अभ्यासकाने पाण्यात ठेवलेल्या लाल प्रवाळावर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमललेली पाहिली आणि त्याला वनस्पती ठरवलं. पुढे १७२०च्या दशकात पेसोनेल या फ्रेंच वैद्याने ही 'फुलं' म्हणजे छोटे प्राणी असल्याचं दाखवलं. तेव्हाच्या विद्वानांनी ते लगेच मानलं नाही.

त्या फुलाला पॉलिप म्हणतात. मध्ये तोंड, भोवती आठ हात आणि प्रत्येक हाताला पिसासारखे बारीक दाते. आतली पोकळीही आठ पडद्यांनी विभागलेली. म्हणूनच या गटाला अष्टप्रवाळ म्हणतात. प्रवाळभिंती बांधणाऱ्या कठीण प्रवाळांत हातांची संख्या सहाच्या पटीत असते.

जिवंत फांदी आडवी कापली तर तिचे थर दिसतात. बाहेर मऊ, मांसल थर असतो आणि त्यात पॉलिप रुतलेले असतात. त्या थरात मिठाच्या कणाहून बारीक चुनखडीचे काटे विखुरलेले असतात. कुणी चातीसारखे, कुणी गाठीगाठींचे. जात ओळखायची तर अभ्यासक हेच काटे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. समुद्रपंख्याच्या गाभ्यात शिंगासारख्या चिवट प्रथिनाचा कणा असतो. म्हणून तो प्रवाहात लवतो, मोडत नाही. लाल प्रवाळाचा कणा चुनखडीचा आणि घट्ट, म्हणून त्याचा मणी होतो. काही मृदू प्रवाळांना असा कणाच नसतो. ते अंगात पाणी भरून ताठ उभे राहतात आणि पाणी सोडलं की मिटून जातात.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्या थरातली नळ्यांची जाळी. एका पॉलिपने पकडलेला घास पचून या नळ्यांतून शेजाऱ्यांपर्यंत जातो. पाटाचं पाणी टेलच्या रानापर्यंत पोचणं किती अवघड, हे पाथर्डीकराला सांगायला नको. या वस्तीत मात्र घास न मिळालेल्या पॉलिपलाही वाटा पोचतो.

वस्तीची सुरुवात एका अळीपासून होते. ती खडकाला चिकटते, तिचा पहिला पॉलिप होतो आणि मग नळ्यांच्या जाळीतून नवे पॉलिप फुटत जातात. टोकाशी कणा लांबतो. मूळ फांदीला अंतराअंतराने बाजूचे फाटे येतात, त्यांना पुढे आणखी फाटे. कुणी मुकादम नाही, तरी आकार बिघडत नाही. पाणी एकाच रेषेत ये-जा करत असेल तर पंखा त्याला आडवा पसरतो, म्हणजे वाहून येणारं अन्न जास्तीत जास्त तोंडांपुढून जातं. हे सारं फार सावकाश होतं. लाल प्रवाळाची फांदी वर्षाला जेमतेम मिलीमीटरभरही जाड होत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढ्या मण्यामागे कित्येक वर्षं असतात.

आपल्या किनाऱ्यावरही हे वैभव आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातलं मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. समुद्रतळ खरवडणाऱ्या जाळ्यांत समुद्रपंखे मुळासकट उपटून येतात. वाळवलेले पंखे मग 'इंद्रजाल' होऊन देशभर विकले जातात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रपंखे आले. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. त्यांची खरेदी-विक्री हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ चौकटीकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे हे जितंजागतं होतं?" होय, होतं. या दिवाळीत कुणी इंद्रजाल दारी आणलं, तर ते विकत घेऊ नका आणि शेजाऱ्यालाही घेऊ देऊ नका. मागणी थांबली तरच ही गावं समुद्रात नांदतील.