कपारीतली नोंदवही

अंटार्क्टिकातल्या भारती स्टेशनच्या जेवणघरात देहरादूनहून आलेली एक संशोधक टेबलाच्या टोकाला बसायची. शेजारची खुर्ची बहुधा रिकामीच. सुकटीच्या पोत्यावर रॉकेल सांडावं, तसा तिच्या जॅकेटला वास यायचा. हा वास स्नो पेट्रेल या पक्ष्याचा, असं कळलं आणि मी तिच्यामागे लार्समान टेकड्यांत निघालो.

तिचं काम म्हणजे घरटी शोधत पोटावर पडून कपारीत डोकं घालणं. बाकी जीपीएस, टॉर्च, डायरी. आत कबुतराएवढा पांढराशुभ्र पक्षी, डोळे आणि चोच काळीभोर. फार जवळ गेलं की तो पोटातलं नारिंगी तेल नेम धरून ओकतो. स्कुआ या शिकारी पक्ष्याच्या पिसांना ते लागलं तर पिसं चिकटतात, गारठा आत शिरतो. माणसाला फक्त जेवताना शेजार मिळत नाही.

“वर्षाला एकच अंडं,” ती मला म्हणाली. पुढच्याच कपारीत ते एक अंडं वितळून पुन्हा गोठलेल्या पाण्यात घट्ट रुतलं होतं. पक्षी शेजारीच बसलेला. तिने कपारीचा क्रमांक लिहिला, पुढे ‘निकामी’ लिहिलं आणि सरपटत पुढे गेली. मी मात्र तिथेच रेंगाळलो. वर्षाला एकच अंडं, आणि तेही असं जायचं.

कपारीच्या तोंडाशी मेणासारखा पिवळट थर होता. पिढ्यान्‌पिढ्या ओकलेलं तेल, थंडीमुळे न कुजलेलं. अंटार्क्टिकात असे 30 हजार वर्षांहून जुने थर सापडले आहेत. हिमयुगात हे पक्षी काय खात होते, समुद्रावरचा बर्फ कुठवर होता, याचा अंदाज शास्त्रज्ञ त्यावरून बांधतात. म्हणजे नोंदी ठेवायचं काम पक्ष्यांनी आपल्या कितीतरी आधी सुरू केलंय, आणि तेही अनुदानाशिवाय!

डायरीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता ‘रिकामी’. तो लिहिण्याआधी ती प्रत्येक कपार दोनदा बघायची, कारण घरटं वळणाआड असू शकतं. स्टेशनवर एकाने थट्टा केलीच, रिकामी भोकं मोजायला इतक्या लांब यायचं? मला ती थट्टा रुचली नाही. किती कपारींत अंडं नव्हतं हे ठाऊक नसेल, तर सापडलेल्या अंड्यांवरून वर्ष बरं गेलं की वाईट, ते कोण सांगणार? वाऱ्याचा इशारा आला तेव्हा तिच्या उतारावरच्या चार कपारी राहिल्या होत्या. त्यांच्यापुढे तिने ‘रिकामी’ लिहिलं नाही, ‘पाहिली नाही’ असं लिहिलं.