शाईने उमटलेली वाट

विद्यार्थ्याने काढलेले उत्तर तपासण्याची साधने मनुष्याने शतकानुशतके घडविली. परंतु त्या उत्तरापर्यंत तो कोणत्या वाटेने गेला, कोठे थबकला, कोठे चुकला आणि चूक ध्यानी आल्यावर कसा सावरला, हे पाहण्याचे साधन त्या मानाने फार उशिरा हाती आले. संगणकावरील आभासी जगांचा आणि खेळांचा अध्यापनात व परीक्षणात आज जो उपयोग होत आहे, त्याचे खरे मोल माझ्या मते चित्रांच्या झगमगाटात नसून या दुसऱ्या साधनात आहे; आणि त्याचा पूर्वज शोधू गेल्यास आपण संगणकाच्या जन्मापूर्वीच्या एका वाद्यांच्या कारखान्यात जाऊन पोहोचतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन या गावी लिंक घराण्याचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. या घरातील एडविन लिंक या तरुणाला विमानविद्येचे वेड होते, आणि आकाशातील प्रत्येक धड्याचा मोबदला त्या काळी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे, जमिनीवरच उड्डाणाची तालीम घेता येईल अशी काही तजवीज करावी, या विचाराने तो झपाटला. संगीत नाटकांतून ऑर्गनचे सूर ज्यांनी ऐकले, त्यांना त्याच्या पोटातील भात्यांची करामत निराळी सांगावयास नको. तशाच भात्यांत कमीअधिक हवा खेळवून लिंकने आखूड पंखांची एक पेटी अशी डोलविली की, आतला मनुष्य दांडा हलवी त्याप्रमाणे ती पुढेमागे झुके, कुशीवर कलंडे आणि गिरकीही घेई. १९२९ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध झाले, परंतु प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या उद्यानांचे.

फेब्रुवारी १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी विमान कंपन्यांचे टपालाचे मक्ते रद्द करून ते काम लष्करी वैमानिकांवर सोपविले. कडाक्याचा हिवाळा, धुके, रात्रीची उड्डाणे आणि केवळ यंत्रांच्या काट्यांवर भिस्त ठेवून विमान हाकण्याचा अपुरा सराव, यांपायी काही महिन्यांतच दहाहून अधिक वैमानिक प्राणास मुकले. असल्या अपघातांच्या मुळाशी मनुष्यदेहाचीच एक उणीव आहे. कानाच्या अंतर्भागातील ज्या द्रवाच्या हालचालीवरून आपल्याला वळणाची जाणीव होते, तो द्रव संथ आणि दीर्घ वळणात स्थिरावतो. मग क्षितिज दिसेनासे झालेल्या वैमानिकाला, विमान एका कुशीवर कलून खाली घसरत असतानाही, ते सरळच चालले आहे असा भरवसा वाटत राहतो. स्वतःच्या देहाची साक्ष नाकारून काट्यांची साक्ष मानावी, ही विद्या व्याख्यानाने अंगी बाणत नाही, आणि प्रत्यक्ष ढगांत ती शिकू पाहणाऱ्याची पहिली चूकच अखेरची ठरण्याचा संभव असतो. त्याच वर्षी लष्कराने दर नगास ३,५०० डॉलर मोजून लिंकची सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली, आणि लक्षावधी वैमानिक त्यांत बसून शिकले.

मला मात्र या यंत्राचा अधिक मोलाचा भाग वाटतो तो पेटीबाहेरच्या मेजावरचा. आतल्या विद्यार्थ्यावर झाकण ओढलेले असल्याने त्याला बाहेरचे काही दिसत नसे. कानांवर पडत ते शिक्षकाने सोडलेले रेडिओचे संकेत. मार्गाच्या एका बाजूस सरकले की मोर्स लिपीतील ‘ए’, दुसऱ्या बाजूस सरकले की ‘एन’, आणि नेमक्या मार्गावर असले की दोहोंच्या मिलाफाचा एकसंध स्वर. इकडे मेजावर पसरलेल्या नकाशावरून तीन चाकांचे एक लहानसे यंत्र, ज्याला तेथील मंडळी ‘खेकडा’ म्हणत, विद्यार्थ्याच्या प्रत्येक वळणाबरहुकूम सरपटत जाई आणि मागे शाईची रेघ सोडी. उड्डाण संपल्यावर गुरुशिष्यांनी त्या रेघेवर वाकून बसावे, स्वर कोठे हरवला, घाईने उलट दिशेस कोठे वळले गेले, हे बोटाने दाखवून बोलावे. कोणाची कैफियत घेण्याचे कारण उरत नसे, कारण दस्तऐवज समोरच असे. शिकविणे कोठे संपले आणि परीक्षा कोठे सुरू झाली, हे त्या मेजावर सांगता आले नसते.

आपल्याकडील प्रात्यक्षिक परीक्षेशी हे ताडून पाहावे. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९८० च्या आसपास यावयास हवे, हे ठाऊक असलेला विद्यार्थी उत्तरापासून मागे चालत जाऊन वाचने लिहून काढतो, आणि प्रयोगवहीतील तो नीटनेटका तक्ता परीक्षकाला काहीच सांगत नाही.

वाटेची नोंद ठेवणारे ते साधन शाळेत आले ते संगणकामुळे. या शतकाच्या प्रारंभी हार्वर्ड विद्यापीठात ख्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर ‘रिव्हर सिटी’ नावाचे एकोणिसाव्या शतकातील एक अमेरिकन नगर वसविले. नगरात रोगराई पसरलेली. शाळकरी मुलांनी लहान गटांनी तेथे शिरावे, रहिवाशांशी बोलावे, रुग्णालयातील नोंदी चाळाव्या, पाण्याचे नमुने तपासावे आणि निरनिराळ्या ऋतूंत परत येऊन काय पालटले ते पाहावे. एक रोग पाण्यातून, दुसरा कीटकांमुळे, तिसरा माणसाकडून माणसाला, आणि लक्षणे एकमेकांत मिसळलेली, अशी ती रचना होती. तर्क बांधून, प्रयोग आखून, अखेरीस नगराध्यक्षांस पत्राने उपाय कळवावयाचा. पर्यायांपैकी एकावर खूण करण्याच्या चाचणीत मागे पडलेली काही मुले या पत्रांतून चांगली समज दाखवितात, असे संशोधकांना आढळले. आणि मूल कोठे गेले, कोणाशी बोलले, याचे दप्तर संगणक आपोआप ठेवीत होता.

फ्लोरिडा राज्य विद्यापीठातील व्हॅलरी शूट यांनी हीच कल्पना आणखी पुढे नेली. त्यांच्या ‘फिजिक्स प्लेग्राउंड’ या खेळात मुलाने उतार, तरफा, लंबक पडद्यावर रेखाटून एक हिरवा चेंडू लाल फुग्यापर्यंत न्यावयाचा. खेळ चालू असतानाच त्याच्या कृतींवरून त्याच्या पदार्थविज्ञानाच्या आकलनाचा अंदाज बांधला जातो, आणि परीक्षा चालू आहे याची जाणीव त्याला होऊ नये अशी योजना असते. परीक्षेच्या धास्तीने गोठणारी मुले मी पाहिली आहेत, म्हणून या योजनेचे आकर्षण मला समजते. तरीही ज्या नोंदींवरून एखाद्या मुलाविषयी मत बनविले जाते, त्या मुलाला आणि त्याच्या पालकांना दाखविल्या गेल्याच पाहिजेत, याबाबत मी तडजोड करणार नाही. मूल भौतिकशास्त्रात कच्चे आहे की केवळ असल्या खेळांना नवखे आहे, हा भेदही शिक्षकाने शेजारी बसल्यावाचून नेहमीच उमगेल असे नाही.

जेथे परीक्षेच्या निकालावर व्यवसायाचा परवाना अवलंबून असतो, तेथे अशा नोंदींत काय टिपले जाते आणि काय निसटते, हा प्रश्न अधिक गंभीर होतो. अमेरिकेत डॉक्टरांच्या परवाना परीक्षेच्या तिसऱ्या टप्प्यात १९९९ पासून संगणकावरील रुग्ण आहेत. तक्रार वाचून परीक्षार्थीने कोणत्या तपासण्या व औषधे द्यावयाची ते स्वतः टंकित करावे, येथे निवडीला तयार पर्याय नाहीत. घड्याळही त्यानेच पुढे सरकवावे, आणि तेवढ्या अवधीत रुग्ण सुधारतो किंवा खालावतो. योग्य उपाय योजला, पण उशिरा योजला, तर तो उशीरही हिशेबात धरला जातो. अनावश्यक आणि घातक तपासणीचे गुण कापले जातात. इतकी सूक्ष्म परीक्षा लेखी उत्तरपत्रिकेने कधीच घेतली नव्हती. त्याच परवान्यासाठी २००४ पासून आणखी एक परीक्षा होती, जीत रुग्णाची भूमिका वठविणारी हाडामांसाची माणसे समोर बसत. ती महामारीत स्थगित झाली आणि २०२१ मध्ये कायमची बंद करण्यात आली. पडद्यावरील रुग्ण तेवढे राहिले. हा व्यवहार मला उफराटा वाटतो. कारण दुखऱ्या पोटावर हात ठेवताना डॉक्टरने रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहिले की नाही, याची नोंद घेण्यास त्या पडद्यावर जागाच नाही.