देवाची तसबीर आणि कोपऱ्यातली सही

जाफराबादहून राजूर तसं जवळच, शेजारच्या भोकरदन तालुक्यात. अंगारकीला राजूरच्या गणपतीला गावोगावची माणसं लोटतात आणि दिवस मावळायच्या आत राजुरेश्वराचा फोटो नात्यागोत्यातल्या साऱ्या मोबाइलवर पोचलेला असतो. गणपती-नवरात्र आलं की फ्लेक्सही लागतात. इंटरनेटवरून देवाचं चित्र उतरवून घ्यायचं, खाली मंडळाचं नाव टाकायचं, झालं. ते चित्र काढलं कुणी, असं सहसा कुणी विचारत नाही. देव सगळ्यांचा, मग चित्रही सगळ्यांचंच, अशी सरळ समजूत आहे.

ती आजची नाही. देव्हाऱ्यातला टाक सोनार घडवायचा, पण टाकावर सोनाराचं नाव नसायचं. नाव आलं ते छापील तसबिरींबरोबर. पुण्याच्या चित्रशाळेनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत चित्रं छापायला घेतली आणि १८९४ साली राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला. हाच छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, जर्मन तंत्रज्ञ फ्रित्स श्लायशर यांनी तो विकत घेतला. दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काही काळ काम केलं. कमळावर उभी लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती ही रूपं तिथून घराघरांत गेली, ती इतकी की लक्ष्मी अशीच दिसते असं लोकांना वाटू लागलं. चित्रकाराचं याहून मोठं यश कोणतं? आणि त्याचं नाव पुसलं जायला याहून मोठं कारणही दुसरं नाही.

रविवर्मा १९०६ साली वारले. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, ही आजची मुदत लावली तरी त्यांच्या चित्रांवरचा हक्क १९६६ अखेर संपला. आज ती लक्ष्मी कुणीही छापावी. ही मुदत आधी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचे हक्क १९९१ अखेर संपायला आले, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ या साऱ्या प्रकरणात फार कामाचं. खासगी वापर, अभ्यास, समीक्षा, बातमी यांसाठी रास्त वापराची मुभा त्यात आहे. शिवाय सार्वजनिक जागी किंवा लोकांना जाता येईल अशा वास्तूत कायम असलेल्या शिल्पाचं चित्र काढायला, फोटो छापायलाही हरकत नाही. राजूरच्या गणपतीला कधीच कुणाचा कॉपीराइट नव्हता. पण उद्या एखाद्या देवळात आजच्या शिल्पकारानं घडवलेली मूर्ती बसली, तरी तिचा फोटो या कलमाखाली निर्धास्त.

लालबागच्या राजाचं तसं नाही. मंडळ १९३४ सालचं, मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या कांबळी कुटुंब घडवतं आणि तिच्या रूपावर या कुटुंबानं कायदेशीर हक्कही मिळवला आहे. ही मूर्ती कायमची नाही. अनंत चतुर्दशीला तिचं विसर्जन होतं. मग ‘कायम असलेल्या’ या शब्दाचा आधार तिच्या फोटोला कसा मिळणार? भक्तानं घरच्यांना पाठवलेला फोटो वेगळा आणि तेच रूप विकायला काढलेला टी-शर्ट वेगळा, एवढं मात्र कुणालाही कळावं.

इंटरनेटनं हा प्रश्न किती वाढवला, ते २०१५ साली दिसलं. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या कुंबळेचा तरुण चित्रकार करण आचार्य यानं मित्रांच्या झेंड्यासाठी भगव्या-काळ्या रंगात करारी मुद्रेचा हनुमान काढला. बघता बघता तो देशभरच्या गाड्यांच्या काचांवर चिकटला. स्टिकर विकणाऱ्यांनी पैसे केले. बहुतेकांना चित्रकाराचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं, ही गोष्ट खरोखर क्लेश देणारी आहे.

न्यायालयांनी या दहा वर्षांत काही सीमारेषा आखल्या. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीचा ट्रेडमार्क म्हणून एकट्याला मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ सालीच सांगितलं. उलट २०२० साली मुंबई उच्च न्यायालयानं ‘इस्कॉन’ हा सुप्रसिद्ध ट्रेडमार्क ठरवला, कारण ते नाव संस्थेनं स्वतः घडवलेलं. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर भक्तिवेदान्त बुक ट्रस्टची पुस्तकं परवानगीशिवाय वेबसाइट आणि अ‍ॅपवर टाकल्याचं प्रकरण आलं. गीतेवर कुणाचाच हक्क नाही, पण तिच्यावरच्या भाष्यावर, भाषांतरावर ते लिहिणाऱ्याचा हक्क आहे, असं न्यायालय म्हणालं. तसबिरींनाही हाच न्याय लावायला हवा: गणपती सर्वांचा, त्याला दिलेली ही विशिष्ट मुद्रा, हा रंग, ही नजर मात्र कुणीतरी रात्री जागून शोधलेली असते.

रघुवीर मुळगावकरांचे देव मराठी घरांत कॅलेंडरांवरून आले आणि चौकटीत बसून भिंतीवर राहिले. आता ते मोबाइलवरून फिरतात. मुळगावकर १९७६ साली गेले, म्हणजे त्या चित्रांवरचा हक्क, तो ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे, ३१ डिसेंबर २०३६ पर्यंत जिवंत आहे. हक्क विकला तरी आपलं नाव चित्राशी जोडलेलं राहावं, हा चित्रकाराचा अधिकार कलम ५७ प्रमाणे उरतोच. फ्लेक्सच्या मापात चित्र बसवताना कडा छाटाव्या लागतात, आणि सही बहुधा तिथेच कोपऱ्यात असते.